येईल हळूहळू

आपल्याकडे काही वाक्ये अशी आहेत, की बोलणाऱ्याला ती फुकट पडतात आणि त्यांचे व्याज ऐकणाऱ्याला भरावे लागते. ‘बघू’, ‘होऊन जाईल’, ‘पुढच्या आठवड्यात या’. राष्ट्रीयीकृत बँकेत ३७ वर्षे काढल्यामुळे ही वाक्ये मी स्वतः इतक्या वेळा उच्चारली आहेत, की त्यांच्याविरुद्ध तक्रार करण्याचा मला फारसा अधिकार उरलेला नाही. तरीही आज त्यांच्याच जातकुळीतल्या एका वाक्याबद्दल लिहायचे आहे. ते वाक्य म्हणजे ‘येईल हळूहळू’. २०२१ च्या नोव्हेंबरात माझ्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली, तिच्यानंतर माझा आवाज गेला, आणि पुढचे पाच महिने डॉक्टरांपासून दूधवाल्यापर्यंत प्रत्येकाने मला हेच ऐकवले.

शस्त्रक्रिया तशी मोठी नव्हती. थायरॉईड ग्रंथीच्या डाव्या बाजूला गाठ आली होती. संशय नको म्हणून ग्रंथीचा तो अर्धा भाग काढून टाकायचे ठरले. नाशिकच्या एका रुग्णालयात ते काम दोन तासांत उरकले, गाठ साधी निघाली आणि घरच्यांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. शुद्धीवर आल्यावर मी यजमानांना ‘पाणी’ म्हणाले. म्हणाले असे मला वाटले. प्रत्यक्षात तोंडातून नुसती हवा बाहेर पडली. सायकलच्या ट्यूबचा वाल्व्ह काढल्यावर पडते तशी. पाणी दिले तेव्हा पहिल्याच घोटाला असा ठसका लागला, की टाके उसवतात की काय अशी भीती वाटली. ‘भूल देताना घशात नळी घालतात, त्याने सूज येते. येईल हळूहळू,’ असे सांगण्यात आले. ते खोटे होते असे नाही. पुष्कळांचा आवाज त्या नळीमुळे दोन-चार दिवस बसतो आणि परत येतो. आम्ही निर्धास्तपणे पेठला परतलो.

पेठ हे नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे, गुजरातच्या सीमेकडचे तालुक्याचे गाव. १९९३ ते १९९७ या काळात मी इथल्या शाखेत अधिकारी होते. यजमानांचे मूळ घरही इथलेच, म्हणून निवृत्तीनंतर पुन्हा इथे राहायला आले. कोकणा, महादेव कोळी, वारली लोकांचा हा मुलूख. भात, नागली, वरईची शेती. पावसाळ्यात कोसळणारा पाऊस आणि उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन विहिरीची वाट तुडवणाऱ्या बायका. इथे आवाजाची किंमत काय असते हे शहरातल्या माणसाच्या चटकन लक्षात यायचे नाही. वस्ती पाड्यापाड्यांनी टेकड्यांवर विखुरलेली. पलीकडच्या बांधावरच्या माणसाला बोलवायचे तर हाळी द्यावी लागते. आता मोबाइल आले, पण दरीत उतरले की रेंज जाते आणि पुन्हा गळाच कामाला येतो. काशाच्या थाळीच्या नादावर रात्ररात्र कथा गाणारे थाळगानाचे कथेकरी याच पट्ट्यातले. अशा मुलखात मी कुजबुजत परतले.

बाईचा आवाज गेला, की आपल्याकडे लोकांना आधी विनोद सुचतो, सहानुभूती मागाहून येते. ‘चला, सरांना आता शांतता मिळाली,’ असे आमच्या यजमानांना किमान वीस जणांनी ऐकवले असेल. पहिल्या तीन-चार वेळा मीही हसले. अर्थात तेही आवाजाविनाच. पुढे टाके काढायला गेले तेव्हा तिथल्या एका सहायकाने समजूत घातली, ‘मॅडम, आता रिटायर झालात, कुठं भाषणं द्यायचीत?’ त्याच्या मनात काही वाईट नव्हते. आवाज म्हणजे गाणाऱ्यांचा आणि भाषणे करणाऱ्यांचा दागिना. बाकीच्यांनी तो नसला तरी चालवून घ्यावे, अशी आपली सर्वांचीच समजूत असते.

ती समजूत किती पोकळ आहे हे मला त्या पाच महिन्यांत कळले. पाच शब्दांचे वाक्य पुरे करायला तीनदा श्वास घ्यावा लागे. फोनवर पलीकडचा माणूस ‘हॅलो, आवाज येत नाहीये’ म्हणून ठेवून देई. ज्या बँकेत आयुष्य गेले त्याच बँकेच्या ग्राहक सेवेला मी ‘मी मीच आहे’ हे पटवून देऊ शकले नाही. चहा पिताना ठसका, पाणी पिताना ठसका. खोकला आला तर तो जोर करून बाहेर काढता येईना. पाण्याने भरलेली बादली उचलताना अंगातले बळ गळून जाई. आणि एक गोष्ट जरा खाजगी आहे, पण सांगते. मी कादंबऱ्या लिहिते. पात्रांचे संवाद मोठ्याने म्हणून पाहिल्याशिवाय मला ते खरे वाटत नाहीत. त्या काळात लिहायला घेतलेल्या कादंबरीतली माणसे एकमेकांशी बोलेनाशीच झाली. पानेच्या पाने नुसत्या वर्णनांची भरली. ती मी पुढे टाकून दिली.

एप्रिलमध्ये, नात्यातल्या एका डॉक्टर मुलीच्या आग्रहावरून, मी घाट ओलांडून नाशिकला एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी नाकातून एक बारीक लवचीक दुर्बीण आत सरकवली आणि पडद्यावर मला माझे स्वरयंत्र दाखवले. दोन पांढुरके पडदे, ज्यांना आपण स्वरतंतू म्हणतो, दाराच्या दोन फळ्यांसारखे समोरासमोर. ‘ई म्हणा,’ ते म्हणाले. उजवी फळी मध्यापर्यंत आली. डावी जागची हलली नाही. मधल्या फटीतून माझी सगळी हवा आणि सगळे शब्द निसटत होते. पाहणीला लागली असतील पाच मिनिटे. पाच महिने ‘हळूहळू’ची वाट पाहिल्यानंतरची पाच मिनिटे.

आता हे असे का होते ते थोडे समजून घेऊ, कारण ज्याचे कारण कळते त्याची भीती कमी होते. मेंदूतून निघालेला दहावा मज्जातंतू मानेतून छातीत उतरतो. स्वरतंतू हलवणारी त्याची शाखा सरळ स्वरयंत्राकडे जात नाही. डावी शाखा पार छातीत उतरून हृदयातून निघालेल्या महाधमनीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि मग पुन्हा वर गळ्याकडे येते. उजवी शाखा हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून वळते. म्हणून तिला इंग्रजीत ‘रिकरंट’, म्हणजे माघारी फिरणारी, असे नाव पडले. नाशिकहून पेठला निघालेल्या एसटीने आधी इगतपुरीला वळसा घालावा, तसा हा प्रकार. जिराफाच्या अंगात तर हाच वळसा कित्येक मीटरांचा होतो. परतीच्या वाटेवर ही दोऱ्याएवढी शीर श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून, थायरॉईडला जवळजवळ चिकटून वर चढते. त्यामुळे थायरॉईडची शस्त्रक्रिया असो, अन्ननलिकेची असो, हृदयाची किंवा फुप्फुसाची असो, नाही तर मानेच्या मणक्याची पुढच्या बाजूने केलेली असो, या शिरेला इजा होण्याची शक्यता असतेच.

ही गोष्ट वैद्यकाला आज कळलेली नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन नावाच्या वैद्याने किंचाळणाऱ्या डुकराची ही शीर कापून ते एकाएकी मुके झालेले लोकांना दाखवले होते. १९३८ मध्ये अमेरिकेतले शल्यचिकित्सक फ्रँक लाही यांनी आग्रहाने मांडले, की थायरॉईड काढताना ही शीर टाळत बसण्यापेक्षा आधी ती शोधावी, डोळ्यांनी पाहावी आणि मगच पुढे जावे. आज तोच धडा सर्वत्र गिरवला जातो. मोठ्या रुग्णालयांत शिरेला विजेचा सौम्य स्पर्श देऊन ती शाबूत आहे ना, हे तपासणारी यंत्रेही असतात. इतके करूनही थायरॉईडच्या १०० शस्त्रक्रियांमागे साधारण पाच ते दहा जणांचा एखादा स्वरतंतू काही काळ लुळा पडतो आणि एक-दोघांचा कायमचा. अनुभवी हातांत हे प्रमाण त्याहूनही खाली येते. शीर कापली जाणे विरळाच. बहुतेक वेळा ती ताणली जाते, दाबली जाते किंवा रक्त थांबवणाऱ्या उपकरणाच्या उष्णतेने पोळते. म्हणून आवाज गेला याचा अर्थ डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला असा होत नाही. माझ्या शल्यचिकित्सकांबद्दल माझ्या मनात तो आरोप नव्हता आणि आजही नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या पाच महिन्यांबद्दल.

कारण ताणलेली शीर काही आठवड्यांत, काही महिन्यांत बहुधा सावरते, हे ‘येईल हळूहळू’मधले खरे. वर्षभर वाट पाहून मगच कायमचा उपाय करावा, असा संकेतही आहे. पण वाट पाहणे निराळे आणि न पाहता वाट पाहणे निराळे. बँकेत थकलेल्या कर्जालाही आम्ही मुदत वाढवून देत असू. पण आधी खाते उघडून, काय बुडाले आणि काय शाबूत आहे ते बघून. दुर्बिणीतून एकदा पाहिले की पुष्कळ गोष्टी उलगडतात. एक तंतू लुळा आहे की दोन्ही? दोन्ही असतील तर आवाज बरा येऊनसुद्धा श्वासाची वाट अरुंद होते, शिट्टीसारखा आवाज करत श्वास आत येतो आणि जीव वाचवण्यासाठी गळ्यातून श्वासनलिकेला छिद्र पाडायची वेळ येऊ शकते. एकच असेल तर मधली फट किती, पाणी श्वासाच्या वाटेने जाते आहे का, न्यूमोनियाचा धोका आहे का? ही माहिती हाती असेल तर वाट पाहण्याचा काळही उपचाराचा होतो.

उपचार आहेत, आणि ते नवेही नाहीत. पहिला आवाजाच्या प्रशिक्षणाचा. वाचा-उपचार तज्ज्ञ श्वास कसा पुरवावा, गळा न आवळता शब्द कसा टाकावा हे शिकवतात. हनुवटी छातीकडे झुकवून गिळल्यास किंवा मान विशिष्ट बाजूला वळवून गिळल्यास पुष्कळांचा ठसका थांबतो. मला हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितले असते तर मी पाच महिने चहाला भीत बसले नसते. दुसरा उपाय इंजेक्शनचा. लुळ्या तंतूत भराव घालून त्याला मध्याकडे सरकवायचे, म्हणजे चांगला तंतू त्याला येऊन टेकतो. १९११ मध्ये जर्मनीत विल्हेल्म ब्र्यूनिंग्स यांनी त्यासाठी पॅराफिन वापरले होते. आता काही महिन्यांत शरीरात विरून जाणारे सुरक्षित पदार्थ मिळतात. ते पहिल्या काही आठवड्यांतही देता येतात. शीर सावरली तर भराव आपोआप विरतो. लवकर दिलेल्या अशा इंजेक्शनमुळे पुढे मोठ्या शस्त्रक्रियेची गरज कमी लागते, असेही अनेक अभ्यासांत दिसले आहे. तिसरा उपाय थायरोप्लास्टीचा. १९७४ मध्ये जपानच्या नोबुहिको इश्शिकी यांनी ही पद्धत मांडली. स्वरयंत्राच्या कूर्चेला बाहेरून छोटी खिडकी पाडायची आणि आतून एक लहानसा तुकडा बसवून लुळा तंतू कायमचा मध्यावर आणायचा. याखेरीज मानेतली दुसरी शीर आणून जोडण्याची शस्त्रक्रियाही आहे.

माझ्या बाबतीत मे २०२२ मध्ये इंजेक्शन झाले. त्याच आठवड्यात आवाज आला. घोगरा, कमी पल्ल्याचा, पण आवाज. पुढचे सहा-सात महिने घरी रोज प्रशिक्षणाचे व्यायाम केले. वर्ष उलटूनही डावा तंतू हलला नाही, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत थायरोप्लास्टी झाली. ही शस्त्रक्रिया रुग्णाला जागे ठेवून, जागेवर भूल देऊन करतात. रुग्ण बोलत राहतो आणि त्याचा आवाज ऐकत डॉक्टर तो तुकडा कमी-जास्त सरकवतात. ‘काहीही बोला,’ ते म्हणाले. मला काही सुचेना. शेवटी तोंडून निघाले, ‘टोकन नंबर सत्तावीस!’ ऑपरेशनच्या खोलीत सगळे हसले. मीही हसले, आणि माझे हसणे मला ऐकू आले.

माझी गोष्ट इथे संपली असती तर ती नशिबवान बाईची गोष्ट ठरली असती. जिच्या नात्यात डॉक्टर आहे, निवृत्तीची पुंजी आहे आणि मुंबईत उतरायला भावाचे घर आहे. पण त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पेठच्या आठवडे बाजारात एक ओळखीचा चेहरा भेटला. जवळच्या एका पाड्यावरची पन्नाशीतली बाई. १९९५ च्या सुमारास तिच्या नवऱ्याने आमच्या शाखेतून बैलजोडीसाठी कर्ज घेतले होते आणि ती जामिनाच्या कागदांसाठी दोनदा येऊन गेली होती. तिच्या गळ्यावर माझ्यासारखीच आडवी खूण दिसली. मी बोलायला लागले, तर तिच्या तोंडातून नुसती हवा आली. ती हवा मी कुठेही ओळखली असती.

तिचे ऑपरेशन होऊन सात महिने झाले होते. तिलाही ‘येईल हळूहळू’ सांगितले होते, आणि ती आज्ञाधारकपणे वाट पाहत होती. चारचौघांत ठसका लागतो म्हणून तिने घराबाहेर पाणी पिणे सोडले होते. हंडा डोक्यावर चढवताना दम निघून जाई. आपण ओझे उचलतो तेव्हा श्वास कोंडून धरतो. स्वरतंतू मिटले की छाती ताठ राहते आणि हाताला जोर येतो. ते मिटत नसतील तर जोर कुठून येणार? तिला हे कुणी समजावले नव्हते. ‘आपल्यातलं बळच काढून घेतलं,’ असे तिच्या मनाने घेतले होते. द्राक्षाच्या बागांतली कामे करायला दरवर्षी ती टोळीबरोबर खाली जाई. त्या हंगामात गेली नाही. एका हंगामाची मजुरी म्हणजे त्या घरचे वर्षाचे तेल-मीठ. आवाज ही चैनीची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

तिला घेऊन मी नाशिकला गेले. एसटीत शेजारी बसल्या बसल्या तिला विचारले, ‘ऑपरेशनच्या आधी सही घेतली असेल ना? त्या कागदावर काय लिहिलंय, आवाजाचं काही होईल का, हे विचारलं नाहीस?’ तिने माझ्याकडे पाहिले आणि त्या हवेच्या आवाजात, एकेक शब्द सुटा सुटा करत म्हणाली, ‘तुमच्या ब्यांकेत तरी कुठं इचारलं व्हतं, म्याडम?’

त्यात टोमणा नव्हता. तिने फक्त मला आठवण करून दिली. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेच्या त्या दिवसांत मार्च अखेरीस उद्दिष्ट पुरे करायचे म्हणून आम्ही कर्जाचे कागद रांगेने मांडून ठेवत असू. वचनचिठ्ठी, तारणगहाणाचा करार, जामीनपत्र. माणूस यायचा, शिपाई त्याचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबायचा आणि मी बोट ठेवीन तिथे तिथे उठवायचा. अकरा ठिकाणी. ‘याच्यात काय लिहिलंय?’ असे विचारणारा क्वचित कुणी भेटे, आणि त्याला मी सांगत असे, ‘काही नाही, नेहमीचंच आहे.’ बैल मेला तर काय, विम्याचे पैसे अडले तर काय, व्याज कसे चढते, हे सांगायला एकेका माणसामागे दहा मिनिटे लागली असती. ती दहा मिनिटे माझ्याजवळ नव्हती, असे मला तेव्हा मनापासून वाटे. पुढे २०२१ मध्ये रुग्णालयात परिचारिकेने संमतीपत्र पुढे केले आणि मी विचारले, ‘यात काय आहे?’ ती म्हणाली, ‘काही नाही मॅडम, नेहमीचंच.’ आणि मी, जिने उभा जन्म कागद तपासण्यात घालवला, चष्मा न काढता सही ठोकली. इंग्रजीतल्या त्या बारीक छपाईत माझ्या आवाजाचा उल्लेख होता. तो मी पुढे झेरॉक्स प्रतीत वाचला.

या बाबतीत कायदा गप्प नाही. २००८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले, की रुग्णाची संमती खरी असायला हवी, आणि ती खरी असण्यासाठी उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि मोठे धोके त्याला पुरेसे समजावून द्यायला हवेत. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये थायरॉईडच्या शस्त्रक्रियेसाठी जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, ती साधी आहेत. शस्त्रक्रियेआधी रुग्णाचा आवाज कसा आहे ते तपासा. आवाजाला धोका असू शकतो हे त्याला सांगा. नंतर दोन आठवडे ते दोन महिने या काळात आवाज बदलला का याची नोंद करा, आणि बदलला असेल तर स्वरतंतू हलतात का ते पाहा. यात कोणते महागडे यंत्र आहे? मुळात जिवंत माणसाचे हलते स्वरतंतू प्रथम नीट पाहिले ते कुणी डॉक्टरांनी नव्हे, तर मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने. १८५४ मध्ये, दंतवैद्याचा छोटा आरसा आणि सूर्यप्रकाश एवढ्या भांडवलावर, स्वतःच्याच गळ्यात. लवचीक दुर्बीण नसेल तर तसला आरसा आणि कपाळावरचा दिवा घेऊन आजही कान-नाक-घशाचे डॉक्टर ही पाहणी करू शकतात.

डॉक्टर मंडळींचे यावर दोन आक्षेप असतात, आणि दोन्ही मी आदराने ऐकले आहेत. एक असा, की एवढे धोके सांगत बसलो तर खेड्यातला माणूस घाबरून पळून जाईल आणि गरजेची शस्त्रक्रिया राहून जाईल. आम्ही बँकवालेही नेमके हेच म्हणत असू. पण ज्याला व्याज समजावले होते तो कर्जदार पळाला, असे माझ्या पाहण्यात नाही. पळाला तो ज्याला नंतर कळले तो. आणि पुढे त्याने बँकेचे तोंडच पाहिले नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. बाहेर ८० रुग्ण बसलेले असताना आवाजाची चौकशी करायला वेळ कुठून आणायचा? हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच हे काम एकट्या शल्यचिकित्सकावर टाकू नये. टाके काढायच्या दिवशी परिचारिकेने तीन प्रश्न विचारावेत: आवाज पूर्वीसारखा आहे का, पाणी पिताना ठसका लागतो का, बोलताना दम लागतो का? एकाचेही उत्तर चिंतेचे आले तर चिठ्ठी कान-नाक-घसा विभागाकडे. गावात आल्यावर हेच तीन प्रश्न आशाताईंना विचारता येतील. बाळंतिणीची, लसीची, गोळ्यांची एवढी विचारपूस त्या करतात. गळ्यावर टाके असलेल्या माणसाची आणखी एक.

सरकारकडे मागायचे तेही फार नाही. संमतीपत्र मराठीत असावे आणि ते वाचून दाखवले गेले याची त्यावर नोंद असावी. गळ्याच्या आणि छातीच्या शस्त्रक्रियेच्या खर्चातच नंतरची ही एक पाहणी धरलेली असावी. आणि आदिवासी तालुक्यांत ठरावीक दिवशी वाचा-उपचार तज्ज्ञ यावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचेच्या कायमच्या अपंगत्वाला २१ प्रकारांत जागा दिली, ते चांगलेच झाले. पण अपंगत्वाचा दाखला देण्याआधी, जे टळण्याजोगे आहे ते टाळण्याची सोय हवी.

त्या बाईचे पुढे काय झाले ते सांगते. दुर्बिणीत दिसले, की तिचा लुळा तंतू थोडा थोडा हलू लागला होता. शीर सावरत होती. इंजेक्शनचीही गरज नव्हती. गिळण्याची रीत आणि श्वासाचे व्यायाम एवढेच शिकवून तिला परत पाठवले. तीन-चार महिन्यांत आवाज बराचसा भरून आला. म्हणजे ‘येईल हळूहळू’ हे तिच्या बाबतीत अखेर खरेच ठरले. पण ते पाहून, कारण समजावून आणि मधल्या काळात काय करायचे ते शिकवून कुणी सांगितले असते, तर तिचा हंगाम बुडाला नसता आणि आपले बळ कुणी काढून घेतले या समजुतीत तिने सात महिने काढले नसते.

ज्यांच्या घरी कुणाची अशी शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की आधी विचारा, ‘आवाजाच्या शिरेचे काय?’ आणि नंतर पंधरा दिवसांनी आवाज पहिल्यासारखा नसेल तर विचारा, ‘दोन्ही तंतू हलताहेत का?’ डॉक्टर रागावणार नाहीत. रागावले तरी विचारा. शस्त्रक्रिया झालेली नसतानाही तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला तर तोही दाखवून घ्या, कारण छातीतल्या गाठीसारखे आजारही कधी कधी आधी आवाजातून कळतात.

ती बाई आता सकाळी शेळ्या घेऊन आमच्या घराखालच्या रस्त्याने जाते तेव्हा खालूनच हाळी देते, ‘म्याडम, हायेत का?’ माझा आवाज तुकड्याच्या आधारावर उभा आहे; तो खोलीभर पुरतो, रस्त्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून मी ओसरीवर येते आणि हात वर करते.